तळमजल्यावरचं घर

घरातलं सामान बांधायला काढलं आणि नेमकं तेव्हाच आमच्या पेंटरांनी दार लावून बसायचं नवं खूळ काढलं. जन्मात ज्या माणसाने कधी दाराला कडी घातली नाही, तो सकाळचा चहा झाला की काठी टेकत आतल्या खोलीत जायचा आणि कडी घालायचा. बाहेर मी एकटी खोकी ओढतेय, दोऱ्या आवळतेय, भांडी जुन्या कपड्यांत गुंडाळतेय, आणि हे आत. हाक मारली तर ‘येतो’. तो एक ‘येतो’ संध्याकाळपर्यंत पुरायचा.

पेंटर म्हणजे माझा नवरा. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळा बाजार त्यांना पेंटर म्हणतो, आणि डोकं फिरलं की मीही म्हणते. मागच्या थंडीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय काठीवर आला. हात हलायला लागला, पण कामाचा राहिला नाही. हाताचं मी मनावर घेतलं नाही. पाट्या आता रंगवून घेतंय कोण, सगळं छापून मिळतं. मला धसका होता पायाचा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अंधारा आणि पायऱ्या झिजलेल्या. हे जिन्यात दोनदा पडले. दुसऱ्या वेळेला कपाळ फुटलं, तेव्हा मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्याच पायरीवर बसून ठरवलं की आता ह्या माणसाला जमिनीवर आणायचं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की रस्ता लागेल असं घर घ्यायचं. मग भले ते खुराडं का असेना.

घर विकणं म्हणजे दोन माणसांचं काम, अशी माझी समजूत. तसं नव्हतं. आमचं घर एक तरुण जोडपं घेणार. त्या पैशात आम्ही मास्तरीणबाईंचं तळमजल्यावरचं घर घेणार. मास्तरीणबाई त्या पैशात बेकरीवाल्याच्या मागच्या दोन खोल्या घेणार. सगळी एकमेकांच्या पदराला गाठ मारलेली. मधे एक जण बसला की बाकीचे जागच्या जागी.

आणि बसलं होतं कोणीतरी. मुलाला विचारायची, “घोडं कुठे अडलंय?” तो म्हणायचा, समोरच्यांकडून. कोण समोरचे? तर म्हणे, होईल गं आई, पुढच्या आठवड्यात. हा पुढचा आठवडा आमच्याकडे पाहुण्यासारखा, येतो येतो म्हणायचा आणि यायचा नाही.

आम्ही पलंग विकून बसलो होतो, कपाट विकून बसलो होतो. जमिनीवरच्या गादीवरून ह्यांना उठवायचं म्हणजे रोजची लढाई. मुलगा काखेत हात घालायचा, मी पाय धरायची. हे तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचे. उठवून बसवलं की कुणाकडेच न बघता विचारायचे, “झालं का?” मधे दोनदा मुलाने आणि खालच्या शिंप्याने त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. डॉक्टरकडे नेतो म्हणाला. दोन्ही वेळा परत आले ते तोंड असं करून, की भर रस्त्यात कुणीतरी थोबाडीत दिली असावी. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? म्हणाले, हात बघितला. आणि आत जाऊन कडी.

बुधवारी आमचं घर घेणाऱ्या त्या तरुण जोडप्यातली बायको आली. एकटी, दिवस भरत आलेले, तीन जिने चढून दारात उभी, श्वास लागलेला. त्यांच्या घरमालकाने खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती. रविवारी त्या दोघांनी बाहेर पडायचं, कुठे जायचं ते ठरलेलं नाही. बेकरीवाल्याचाही निरोप तिच्याच तोंडी आला: शुक्रवारपर्यंत थांबतो, मग खोल्या दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाईल. म्हणजे शुक्रवार हुकला की सगळंच गेलं. मास्तरीणबाई जाणार कुठे, आणि त्या नाही हलल्या तर आम्ही कुठे? हे मेल्यावरच खाली उतरणार, असं माझ्या मनात आलं आणि त्याच्या रागाने मी त्या पोरीवर तोंड सोडलं. म्हटलं, तुम्हा आजकालच्या पोरांना घर हवं, कागद नकोत. हौस आधी, तयारी मागाहून. आमच्या म्हाताऱ्याला मातीत मिळवून मग सह्या करणार का?

तिने ऐकून घेतलं. पोटावर हात ठेवून म्हणाली, “आजी, आमचे कागद कधीचे तयार आहेत.” आणि आतल्या बंद दाराकडे बघितलं. मला तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, मग ती मास्तरीण असणार. चपला घातल्या आणि निघाले.

वाटेत सगळं भाषण जुळवलं. मास्तरीणबाईंनी दार उघडलं आणि मी सुरू झाले. शिकलेल्या बायका अशा वागतात होय, जन्मभर पोरांना वेळेवर या म्हणून छड्या मारल्या आणि स्वतःची वेळ आली की टाळाटाळ. त्यांनी मला पुरतं रिकामं होऊ दिलं. घरातही तसंच, सगळं रिकामं. भिंतींवर खिळे तेवढे राहिलेले. एक ट्रंक आणि एक खुर्ची. खुर्ची मला दिली, पाणी दिलं, त्या ट्रंकेवर बसल्या.

“मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “अडलंय ते तुमच्याच घरी.”

मग सांगितलं. पहिली सही आमच्या पेंटरांची हवी, घर त्यांच्या नावावर. ती सही जुन्या कागदावरच्या सहीशी जुळत नाही. डॉक्टरकडे म्हणून नेलं ते कचेरीतच नेलं होतं. दोन्ही वेळा साहेबाने दोन सह्या शेजारी धरून मान हलवली. दुसऱ्या वेळी बिचारा म्हणाला, आजोबा, अंगठा लावा, डॉक्टरचा दाखला जोडा, दहा मिनिटांचं काम आहे. तर हे काठीशिवाय उठून उभे राहिले म्हणे. म्हणाले, अंगठा लावणार नाही, सही करून दाखवतो, मला वेळ द्या.

“तुमच्या मुलाने आम्हा सगळ्यांपुढे हात जोडले,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आईला कळलं तर बाबा तोंड वर काढणार नाहीत म्हणाला. आम्ही थांबलो. आमच्या शाळेची पाटी त्यांच्याच हातची हो. पण आता नाही थांबवत. माझी गादीसुद्धा गेली, मी शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात झोपते. ह्या वयात.”

माफी मागायला हवी होती. मला ते येत नाही. पाण्याचा पेला घासला, पालथा घातला आणि निघाले.

मुलगा जिन्याच्या तोंडाशीच भेटला. माझा चेहरा बघितला आणि त्याने जिन्याचा कठडा धरला. त्याला म्हटलं, लबाडा, तुला मी पोटात ठेवला आणि मला जगाच्या मागून कळतंय. तो म्हणाला, बाबांनी शपथ घातली होती. शुक्रवारी शेवटचं नेतो, बहुतेक जमेल. मी विचारलं, तू बघितल्यास का त्यांच्या सह्या? तो कठड्यावरची धूळ पुसायला लागला. पोरगा दिवसभर ऑफिसात कागद तपासतो. न बघता कसा राहील?

वर आले. दार वाजवलं. आत काठी वाजली, कडी निघायला वेळ लागला.

टर्पेंटाइनचा वास आमच्या घरात इतकी वर्षं आहे की मला तो येतच नाही, म्हणून इतक्या दिवसांत कळलं नाही. कपाट गेलं तिथे भिंतीवर कपाटाएवढा पांढरा तुकडा राहिला होता. तो पांढरा नव्हता आता. वरून खालपर्यंत सह्या. बारीक ब्रशने, काळ्या रंगात. जिथे उभं राहून हात पुरतो तिथे उभं राहून काढलेल्या, आणि पाय दमल्यावर जमिनीवर बसून काढलेल्या. नाव एकच, पण प्रत्येक सही वेगळ्याच माणसाची. कुठे शेवटची वेलांटी घसरून खालच्या ओळीत गेलेली, कुठे मधलं अक्षर आलंच नाही. सगळ्यात खाली डाव्या हाताने केलेल्या, लहान पोराच्या गिरवल्यासारख्या.

मला कसं कळलं हे त्यांनी विचारलं नाही. सदऱ्याच्या बाहीला रंग लागला होता, तो मागे लपवला.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षराचा गंध नव्हता. पाटी झाली की हे ती भिंतीला टेकवायचे आणि मला हाक मारायचे. म्हणायचे, वाचता येणाऱ्याला चूक दिसत नाही, तो वाचून मोकळा होतो. तू नुसती बघ. मी बघायची आणि सांगायची, तिसरं वाकडं आहे. हे निमूट पुसायचे, परत काढायचे. पुढे पेंटरच्या बायकोने अंगठा लावलेला चालणार नाही म्हणून त्यांनीच मला लिहायला शिकवलं. पण पाटी दाखवायचं काही सोडलं नाही. मी बरं म्हटल्याशिवाय एकही पाटी ह्या घराबाहेर गेली नाही, आणि बरं मी सहजासहजी म्हणत नसे.

“शुक्रवारी नेतो म्हणालाय,” ते म्हणाले. बाजूला सरकले, भिंत मला मोकळी करून दिली. “बघ जरा. ह्यातली एखादी तरी जुळतेय का?”

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. इतकं तर लग्नात सुद्धा बघितलं नव्हतं. तोंडातून एक ‘बरं आहे’ काढलं असतं तर निदान ती संध्याकाळ बरी गेली असती. शुक्रवारी परत त्यांना खुर्चीत उतरवलं असतं, परत साहेबाने दोन कागद शेजारी धरले असते. आणि मग हाच जिना, हीच गादी, ती पोटुशी पोर रस्त्यावर.

मी चष्मा पुसला आणि भिंतीजवळ गेले. वरून सुरुवात केली. घाई केली नाही. खाली वाकून डाव्या हाताच्याही बघितल्या, एकेक. मागे त्यांचा श्वास ऐकू येत होता. सगळ्या बघून झाल्यावर मी वळले.

“एकही नाही,” मी म्हणाले. “उद्या खाली उतरायचं आणि अंगठा लावायचा.”