ओटी भरलेली सायकल

“बाबूजी, सायकलला खिडकीजवळची जागा मिळेल का हो?”

विचारलं बाई धनूनं! तोंड वर करून, पार्सल-बाबूच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं. मागे छबू आणि रेवा हसून हसून एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. दोघी तिच्या शाळेतल्या मैत्रिणी, तिला पोचवायला स्टेशनावर आलेल्या, आणि छबूनं पैजच लावली होती की विचारून दाखव, माझी लाल रिबीन तुझी. गेल्या वर्षीची धनू असती तर खांबामागे लपली असती. पण सातवीच्या परीक्षेत तालुक्यातल्या मुलींत पहिली आल्यापासून तिच्या जिभेला चाकंच फुटली होती.

पार्सल-बाबू बन्सीलाल यांना थट्टा कळत नसे. त्यांनी चष्मा पुसला, जाडजूड नियमपुस्तक उघडलं आणि खरोखर शोधलं.

“नाही,” ते म्हणाले. “सामान मागे, गार्डच्या ब्रेकच्या डब्यात जातं. त्याला एक खिडकी असते, पण ती गार्डची.”

“आणि गार्ड उतरला तर?” छबू मागून कुजबुजली. धनूनं तिला कोपरखळी मारली आणि रिबीन तिच्या हातातून ओढून घेतली.

गंमत इथवरच होती, कारण धनूचं सगळं त्या सायकलीला टांगलेलं होतं. जळगावच्या मुलींच्या शाळेत तिचं नाव घातलं होतं. आज शनिवार, शाळा सोमवारी उघडणार, आणि त्या दिवशी हजर नसेल तिचं नाव कमी होईल असं शाळेनं कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं. राहायचं वत्सलाआत्याकडे. आत्याचं घर शाळेपासून दोन मैल. धनूचे वडील भाईदास आप्पा यांनी त्यावर महिनाभर विचार करून निकाल दिला होता: पायी जाणारी पोर गावभर दिसते, सायकलवरची दिसेस्तोवर निघून जाते. म्हणून कापूस विकून त्यांनी सायकल घेतली. सायकल जाईल तर धनू जाईल. सायकल राहिली तर धनूही घरी रनाळ्यात, शेणगोठ्याला.

धनूचं तिकीट पाच मिनिटांत निघालं होतं. एक रुपया सात आणे दिले, पुठ्ठ्याचा एवढासा तुकडा मुठीत आला. आता राहिली होती फक्त सायकल.

आप्पांनी ती बाहेरून ढकलत आणली आणि बन्सीलालांची लेखणी हवेतच थांबली. हँडलला झेंडूचा हार. घंटीवर हळदीकुंकू. मागच्या कॅरियरवर हिरव्या खणात बांधलेला नारळ, पसाभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि पाच खारका.

“हे काय?”

“ओटी,” धनूची आई भिकुबाई म्हणाली. एवढ्या शिकलेल्या माणसाला ओटी कळू नये याचं तिला वाईट वाटलं.

त्याचं असं झालं होतं की लेक घर सोडून निघाली, तिला रिकामी कशी धाडायची? पण लेकीचं लग्न झालेलं नाही, तिची ओटी भरता येत नाही. भिकुबाईनं रात्रभर तळमळून तोड काढली आणि पहाटे सायकलीची ओटी भरली.

“नारळ वेगळा, तांदूळ वेगळा, कापड वेगळं,” बन्सीलाल म्हणाले. “सायकल रिकामी करा. नाहीतर चार पावत्या होतील.”

“भरेल ओटी फलाटवर रिकामी करतस का कधी?” भिकुबाईनं गालाला हात लावला.

“फाडा चार पावत्या,” आप्पा म्हणाले. त्यांना गाडीची वेळ दिसत होती.

तीन फाटल्या. चौथीला भिकुबाईनं खिडकीच्या गजांत बोटं घातली.

“बाबूजी, मुराळीनी जागा कोठे शे?”

“कुणाचा मुराळी?”

“इन्हा,” तिनं सायकलीकडे बोट केलं.

आता हे मात्र धनूलाही नवीन होतं. लेकीसुनांना आणायला-पोचवायला जो भाऊबंद सोबत जातो तो मुराळी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ओटी भरली म्हणजे पाठवणी झाली, पाठवणी झाली म्हणजे मुराळी आला, आणि तो माणसांच्या डब्यात पुढे नि पाठवलेली ब्रेकमध्ये मागे, असं कोणत्या घरात चालतं? भिकुबाईचं बोट गजांतून हलेना.

“माय, सायकल शे ती!” धनू ओरडली.

“आनि पहिल्यांदाच घर सोडी ऱ्हायनी,” आई म्हणाली.

बन्सीलालांनी घाम पुसला. “बाई, ब्रेकमध्ये माणूस बसत नाही. जनावर असेल तर त्याचा रखवालदार बसतो, बस.”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण आप्पांचे डोळे चमकले होते.

“मंग जनावर लिखा. रखवालदार मी.”

“सायकल जनावर नाही, भाईदास!”

“तुम्ही बठेल शेत का कधी हिन्हावर? दोनदाव माले पाडं हिनी!” आप्पांनी धोतर गुडघ्यापर्यंत उचलून खरचटलेलं दाखवलं.

पुरावा समोर आला की बन्सीलालांचा नाइलाज होई. त्यांनी जनावरांचं पान काढलं. घोडा, उंट, हत्ती, म्हैस. किमतीच्या मानानं वासरू बरं पडत होतं. त्यांनी लेखणी बुडवली.

“शिंगं?”

आप्पांनी हँडल दाखवलं.

“दोन,” बन्सीलालांनी लिहिलं. “दूध देते?”

“आजूक नही.”

“लाथ मारते का?”

“पायडल उलटं फिरलं तर मारते,” धनू म्हणाली. तिला हसू येत होतं, पण डोळे सारखे रुळांकडे जात होते.

“वाटेत दाणा?”

भिकुबाईनं अभिमानानं पाच खारका दाखवल्या.

“वासरू एक, रखवालदार एक. सहा रुपये चार आणे.” आप्पा पाहातच राहिले, एवढ्या पैशात धनू चार वेळा जळगावला गेली असती. तरी त्यांनी कमरेची पिशवी सोडली. बन्सीलालांनी हात आडवा धरला. “थांबा. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला?”

“तो कोठे भेटई?”

“डॉक्टर मंगळवारी येतात. मंगळवारी आणा हिला, तपासून घेऊ.”

रेवानं हसणं थांबवलं. छबूनंही. मंगळवार म्हणजे सोमवार गेला, आणि सोमवार गेला म्हणजे नाव गेलं.

“बाबूजी, हिला परत सायकल करा ना,” धनूनं गज धरले. “साधी सायकल. एक पावती.”

“पुस्तकात वासरू चढलं. आता खोडलं तर वासरू कुठं गेलं ते मला वर कळवावं लागेल.”

“मंगयवार ते मंगयवार,” आप्पांनी पिशवी पुन्हा कमरेला बांधली. “नही जमनं ते पुढला साल. शाळा काय कोठे पयी जाई ऱ्हायनी का?”

पुढला साल! धनूला ठाऊक होतं, पुढल्या साली घरात शाळेचं बोलणं नसेल, तिला पाहायला येणारे पाहुणे असतील. तिनं आईकडे पाहिलं. भिकुबाई तांब्या घेऊन सायकलीच्या पुढच्या चाकावर पाणी घालत होती. वासराला ऊन लागत होतं ना!

तेवढ्यात गाडी आली. फलाट हलला, टोपल्या धावल्या, हमालानं वासराची वर्दी दिली, आणि गार्ड ब्रेकच्या दारातून वाकून ओरडला, “वासरू कुठाय? चढवा लवकर!”

“वासरू थांबलंय!” बन्सीलाल ओरडले. “मंगळवारी येईल!”

एवढ्या माणसांनी एवढ्या वेळात त्या सायकलीसाठी काय काय केलं होतं, आणि ती इंचभर पुढे सरकली नव्हती. धनूनं मूठ उघडली. घामानं मऊ झालेला पुठ्ठ्याचा तुकडा तसाच होता. त्याला शिंगं नव्हती, रखवालदार नव्हता, कुणाचा दाखला लागत नव्हता.

तिनं आपली पत्र्याची ट्रंक उचलली. जड होती, पण उचलली गेली. बायकांच्या डब्यात ती आधी आत ढकलली, मग स्वतः चढली आणि दारात उभी राहिली.

“धने! उतर खाले!” आप्पा धावत आले. मागून तांब्या घेऊन आई.

धनू घरी कधी शाळेतलं मराठी बोलत नसे. ते मास्तरांसाठी आणि बाबूंसाठी राखून ठेवलेलं असे. आत्ता मात्र तिनं तेच काढलं, खणखणीत, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं.

“आप्पा, माय, मी याच गाडीनं जळगावला जाते आहे. आत्याच्या घरून शाळेत रोज पायी जाईन. दोन मैल जाताना, दोन मैल येताना. पावसाळ्यातसुद्धा. हे मी ठरवलं आहे.”