मोतीरावांचे तीन ‘च’

मुख्याध्यापिकाबाईंनी खोक्याचं झाकण उघडलं आणि केकवरची ओळ वाचली. चौतीस वर्षं वर्गाला वाचून दाखवायची सवय, त्यामुळे मोठ्याने आणि स्पष्ट उच्चारांत वाचली.

“एकदाची पीडा टळली.”

त्यांच्याच निरोप समारंभाला सगळं सभागृह जमलं होतं. ज्यांच्या मनात नेमकं हेच होतं, ते उपमुख्याध्यापक छताच्या पंख्याकडे बघू लागले. केक घेऊन आलेले मोतीराव दारातच उभे होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण फरशी नवी होती, घट्ट बसवलेली होती.

झालं होतं ते एवढंच. त्या सकाळी बेकरीत त्यांनी दोन केकवर मजकूर लिहिला होता. एक शाळेचा. दुसरा एका कुटुंबाचा, ज्यांच्या डोक्यावर चार वर्षं ट्रम्पेटचा रियाज करणारा भाडेकरू अखेर खोली सोडून गेला होता. केक सारखेच, खोकीही सारखीच. तेव्हा इकडे हे वाचन चालू असताना तिकडे ते पाच जणांचं कुटुंब ‘तुमची उणीव सदैव भासत राहील’ या ओळीभोवती गोळा झालं होतं आणि घरातले आजोबा, तो परत येतोय का, म्हणून घाबऱ्या आवाजात विचारत होते.

मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र सुरी उचलली. “‘पीडा’ मला द्या,” त्या म्हणाल्या, “बाकीचं वाटून टाका.” सभागृह खदखदून हसलं. म्हणजे समारंभ छानच झाला. मोतीराव सोडून सगळ्यांचं तेच मत पडलं.

मोतीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. मोत्यासारखं अक्षर म्हणून बेकरीत पडलेलं. सव्वीस वर्षं ते क्रीमच्या पिशवीतून अक्षरं काढत होते. वेलांटी अशी की वाटावं, आता कुंचल्याने काढलीय. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. वहीत एक डाग पडला तर पोराकडून सगळं पान पुन्हा लिहून घ्यायचे. वडील गेले, वह्या गेल्या, पण मोतीराव अजून पान पुन्हा लिहीतच होते. भाजीवाल्याने सुट्टे पैसे देताना कपाळाला आठी घातली तरी रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी हातात घेतली आणि हात लटलट कापायला लागला. ‘शुभेच्छा’मधला ‘शु’ पिळून काढताना क्रीम केकच्या कडेवरून खाली ओघळलं. मालकीणबाई चांगल्या स्वभावाच्या. त्यांनी चार दिवस वाट पाहिली आणि मग मोतीरावांना खोकी घडी करायला बसवलं. ओळी लिहायला एक मुलगी आली. ती छापील अक्षरांचे साचे वापरायची. मोतीराव खोकी घडी करायचे आणि प्रत्येक खोक्याचे चारही कोपरे तपासून बघायचे.

घरी तर वेगळीच तऱ्हा. जेवताना मध्येच घास हातात धरून ते म्हणायचे, “सगळं सभागृह बघत होतं.” महिनाभर हे ऐकल्यावर बायको म्हणाली, “त्या सभागृहातल्या माणसांनी त्यानंतर स्वतःच्या नव्वद चुका केल्या असतील. तुमची कोण आठवणीत ठेवतंय? तुम्ही काय न चुकण्याचा ठेका घेतलाय?”

एका सोमवारी, माझा गुडघा दाखवायचाय, असं सांगून ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. गुडघा दुखत असूनही दोन जिने चढली, एका खोलीत त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसली. खोलीत समुपदेशक बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती, आणि समुपदेशक म्हटल्यावर मोतीरावांना वाटलं तशा त्या गोड बोलणाऱ्या अजिबात नव्हत्या.

त्यांनी सगळी हकिगत ऐकली, ‘पीडा’पाशी नाक पुसत हसून घेतलं आणि कागद पुढे सरकवला. त्या क्षणी मनात काय आलं ते लिहा म्हणाल्या. मोतीरावांनी कापत्या हाताने लिहिलं : माझ्याकडून चूक व्हायला नकोच होती. माझं काम बिनचूकच झालं पाहिजे. लोकांनी मला नावं ठेवताच कामा नयेत.

बाईंनी पेन घेतलं आणि तीन अक्षरांभोवती गोल काढले. तिन्ही ‘च’.

“केक चुकला म्हणून तुमचा हात कापत नाही,” त्या म्हणाल्या. “केक चुकला होता तो एक दिवस. हे तीन च तुम्ही रोज सोबत घेऊन फिरताय. काम बिनचूक व्हावं, ही इच्छा झाली. चांगली आहे, जपा. बिनचूकच झालं पाहिजे, हा हुकूम झाला. तो तुम्हाला कोणी सोडलाय?”

मोतीरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. वरिष्ठ असं कोणी डोळ्यासमोर येईना. पण माणसाने चुकू नये हे तर खरं ना, असं ते पुटपुटले. बाईंनी विचारलं, चुकलेल्या माणसाचं पुढे काय होतं? त्यांना म्हणायचं होतं की माणूस वाया जातो. पण त्यांना आठवलं की मागच्याच आठवड्यात मालकीणबाईंनी पावात मीठ दोनदा घातलं होतं आणि त्या अजून मालकीणबाईच होत्या.

मग बाईंनी गृहपाठ दिला. तो ऐकून मोतीरावांनी आधी दाराकडे पाहिलं, बायको ऐकत नाहीये ना म्हणून.

पहिला गृहपाठ : लोखंडी सामानाच्या दुकानात जाऊन दोन डझन अंडी मागायची. लोक हसतील, ते सोसायचं, आणि सोसता येतं की नाही ते बघायचं. मोतीराव तीन वेळा दुकानावरून पुढे गेले. चौथ्यांदा आत शिरले. दुकानात पाच गिऱ्हाइकं. त्यांनी घसा साफ करून अंडी मागितली. दुकानदार बिजागऱ्या मोजत होता. मान वर न करता म्हणाला, “पलीकडच्या गल्लीत, डाव्या हाताला.” एवढंच. कोणी हसलं नाही, कोणी वळून बघितलंही नाही. मोतीरावांना सुटल्यासारखं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला.

दुसरा गृहपाठ अवघड. मुद्दाम चुकीचा केक लिहायचा, शेजारी स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून तो दर्शनी कपाटात ठेवायचा आणि दिवसभर तिथेच उभं राहायचं. मालकीणबाईंनी डोक्याला हात लावला, पण केक दिला. मोतीरावांनी दात आवळून ‘वाढदीवसाच्या’ असं लिहिलं. ती दीर्घ वेलांटी काढून झाल्यावर पुसायला सुरी उचलली, आणि परत ठेवली.

दुपारपर्यंत शंभरेक माणसं कपाटासमोरून गेली. एकालाही काही दिसलं नाही. दोनच्या सुमारास मोतीरावांना राहवेना. एका बाईला त्यांनी आपण होऊन सांगितलं, “दि ऱ्हस्व पाहिजे. इथे दीर्घ आहे. मीच लिहिलंय.” तिने केककडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “मग? चवीत फरक पडतो का?” तिने विचारलं आणि तोच केक बांधून मागितला. संध्याकाळपर्यंत दुकानात येणाऱ्या अकरा जणांना मोतीरावांनी नसलेल्या केकमधली चूक समजावून सांगितली. नववा माणूस व्याकरणाचा जाणकार निघाला. त्याने त्यांना चांगलंच झापलं. मोतीराव झापून घेत उभे राहिले. कान तापले, आणि मग निवले. घरी जाऊन ते पोतं टाकावं तसे अंथरुणावर पडले आणि सकाळपर्यंत उठले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पिशवी पुन्हा हातात घेतली. छातीत धडधड नव्हती. घाम नव्हता. सभागृह आठवलं, पण लांबच्या नात्यातल्या माणसासारखं आलं आणि चहा न घेता गेलं.

हात मात्र कापतच होता.

ते त्यांनी बाईंना सांगितलं. बाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. डॉक्टरांनी बोटं पुढे धरायला लावली, कागदावर गोल काढायला लावला, चार पावलं चालवलं. मग सांगितलं की हा नसांचा आजार आहे. गोळ्यांनी थोडा आटोक्यात राहील, हळूहळू वाढेल. भीतीमुळे तो लवकर दिसला, इतकंच. भीती गेली, आता उरलाय तो आजार.

पुन्हा जिने चढून मोतीराव बाईंसमोर बसले. बायको या वेळी आत आली होती.

“येताना मनात काय म्हणत होतात?” बाईंनी विचारलं.

“हे माझ्याच वाट्याला यायलाच नको होतं, असं म्हणत होतो.” मोतीरावांनी दोन बोटं दाखवली. “जिन्यात मोजले. दोन च निघाले. ‘यायलाच’मधला काढला.”

“आणि दुसरा?”

“तो राहू दे म्हटलं थोडे दिवस.”

बाईंनी मान हलवली. राहू दे म्हणाल्या. बायकोने खिडकीकडे तोंड करून पदराने चष्मा पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

मोतीरावांनी मालकीणबाईंना आपण होऊन सगळं सांगितलं. पूर्वी त्यांनी ते मरेपर्यंत लपवलं असतं. ठरलं असं की साच्यांच्या ओळी ती मुलगी करेल. ज्यांना हाताने लिहिलेलं हवं असेल त्यांच्या ओळी, जमेल तोवर, मोतीराव लिहितील. अक्षर आता मोठं आणि लाटा आल्यासारखं यायचं. काहींना आवडायचं, काहींना नाही.

एका गुरुवारी एक गृहस्थ आला. त्याची बायको दीड महिना इस्पितळात राहून घरी येणार होती. त्याला ‘ये, घर वाट बघतंय’ एवढंच हवं होतं. मोतीरावांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहिलं. गृहस्थाने केक पाहिला.

“रेघ हललीये,” तो म्हणाला.

“हो. माझा हात हलतो,” मोतीराव म्हणाले. “नको असेल तर पुसून साधा देतो.”

गृहस्थ अवघडला. इस्पितळात दीड महिना कापणारे हातच बघत होतो, असं काहीसं हळू आवाजात म्हणाला. मग म्हणाला, “साधा द्या.”

मोतीरावांनी पसरट सुरी घेतली आणि एकाच हाताने, सावकाश, अक्षरांवरून फिरवली. क्रीम पांढरं सपाट झालं. खोक्याला दोरी बांधताना गाठ दोनदा सुटली, गृहस्थ थांबला. तिसऱ्यांदा बसली. मोतीरावांनी खोकं दोन्ही हातांनी त्याच्याकडे दिलं आणि वहिनींना बरं वाटू दे म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी पुढच्या मागणीची चिठ्ठी उचलली. चिठ्ठी हातात फडफडत होती, अक्षर लागेना. त्यांनी ती काउंटरवर ठेवली, चार बोटांनी दाबून धरली आणि वाचू लागले.