मला दांडा बसवू नका

मी कोयता बोलतोय. उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या गॉटलंड बेटावरच्या एका गोठ्यात, मेंढ्यांच्या वासात, खिळ्याला लटकलोय. मला दांडा नाही, नुसतं पातं आहे. कोणी हळहळू नका, मला ते आवडत नाही.

पातं गावच्या लोहाराने ठोकलं आणि दांडा अंगणातल्या अ‍ॅशच्या झाडाचा होता. या लाकडाला कितीही हिसके बसोत, हाताला झिणझिण्या येत नाहीत. म्हातारा घरधनी दर चार वर्षांनी, उन्हाळा सरता सरता, शिडी लावून त्याच झाडावर चढायचा आणि माझ्याकडून फांद्या उतरवून घ्यायचा. पानांसकट जुड्या बांधून वाळवायच्या आणि हिवाळ्यात मेंढ्यांना घालायच्या. झाड पुन्हा फुटायचं. ज्याचा माझा दांडा त्यालाच मी छाटायचो, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. झाड बुटकं, जाडजूड होत दीडदोनशे वर्षं जगलं होतं.

म्हातारा गेला आणि वाटणी झाली. मध्ये दगडी कुंपण, अलीकडे मुलगा आल्गोत, पलीकडे त्याची थोरली बहीण गुनवोर. दोघांच्या अंगणात एकेक जुना अ‍ॅश आला, माझ्या दांड्याचा आल्गोतकडे. मी आल्गोतकडे आलो, हे माझं दुर्दैव. असा हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाटणीपासून बहीणभाऊ एकमेकांशी धड बोलत नव्हते. बोललेच तर टोमणे.

मग वाऱ्यावर बुरशी आली. आदल्या वर्षी गळलेल्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात इवल्याशा पांढऱ्या छत्र्या उगवायच्या. त्यांची धूळ उडून पानात शिरायची, पानातून डहाळीत, डहाळीतून खोडात. झाड शेंड्याकडून वाळत यायचं. रानातले अ‍ॅश आधी गेले. मग अंगणातल्या दोन्ही झाडांचे शेंडे काळवंडले.

गुनवोर कुंपणाशी आली.

"आल्गोत, यंदा झाडाला कोयता लावू नकोस. आजारी आहे ते. पानं काढलीस तर जगेल कशावर?"

"बाबा जन्मभर छाटत होते. ते काय वेडे होते?"

"बाबांचं झाड धडधाकट होतं."

"वाळलेलं काढलं की नवं फुटतं. एवढं माझ्या मेंढ्यांनाही कळतं, ताई."

"मग त्यांनाच चढव शिडीवर."

"तू आपले देठ वेच, जा."

गुनवोर दर शरद ऋतूत झाडाखालचा पाचोळा देठांसकट ओढून जाळायची, त्याबद्दल हा टोमणा होता. तिच्या या उद्योगाला सगळं गाव हसायचं. मलाही हसू यायचं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्याच दिवशी आल्गोत झाडावर चढला. वाळक्या फांद्या काढल्या आणि मग, नीट दिसावं म्हणून, हिरव्याही काढल्या. मी बोथट असतो तर निम्म्यात कंटाळून उतरला असता. पण आदल्या संध्याकाळी त्याने मला घासूनपुसून धार लावली होती. एकेका घावात फांदी खाली पडत होती आणि मला माझ्या धारेचा अभिमान वाटत होता. आज त्याची लाज वाटते.

मेंढ्यांनी पानं खाल्ली. उरलेले देठ आल्गोतने, बाबांसारखेच, खत म्हणून झाडाच्या बुंध्याशी लोटले. पुढच्या उन्हाळ्यात तिथे पांढऱ्या छत्र्यांचा सडा पडला. झाडाला चार फुटवे आले, ते महिन्याभरात काळे पडले. त्यापुढच्या वर्षी तेही आले नाहीत.

आल्गोतने काय केलं असेल? तो रागारागाने मेलेल्या खोडावर घाव घालत सुटला. पाचव्या घावाला माझा दांडा मधोमध तुटला. त्याच झाडाचं लाकूड, त्याच झाडावर तुटलं.

मग तो मला हातात घेऊन कुंपणाशी गेला.

"ताई, एक फांदी दे."

"कशाला?"

"कोयत्याला दांडा करायचाय."

"आणि कोयता कशाला?"

समोर गुनवोरचा अ‍ॅश उभा होता. शेंडा वाळलेला, पण खाली तिन्ही बाजूंनी हिरवा. आल्गोत तिकडे बघत म्हणाला, "तुझं वरचं वाळलेलं तेवढं उतरवून देईन म्हणतो."

"शिडी लावून तर बघ," गुनवोर म्हणाली. तो घरात जाईपर्यंत ती झाडाला पाठ टेकून उभी राहिली.

त्याला शिकवण्याची माझी ताकद नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तो गावोगाव अ‍ॅशचं लाकूड मागत फिरतोय. तुमच्या दारात आला तर देऊ नका. गोड बोलेल, बाबांची आठवण काढून डोळे पुसेल, तरी देऊ नका. पलीकडचं झाड यंदाही फुटलंय. शिडी अजून त्याच्याकडे आहे. माझी धार गेलेली नाही, आणि ज्याच्या हातात असेन त्याला मला नाही म्हणता येत नाही.