काळ्या लोकरीचा हट्ट

मित्रांनो, मी लोकरीच्या रंगाच्या जनुकाचा एक जुना, बदनाम अवतार आहे. कोकराला रंगाची दोन जनुके मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. माझा पांढरा भाऊ सोबत असला की त्याचेच चालते. मी मुकाट पडून राहतो. दोन्हीकडून मीच आलो, की मात्र कोकरू काळे कुळकुळीत जन्मते. एवढी साधी गोष्ट, पण ती ऐकून घ्यायची कोणाची तयारी नसते.

जहाजातून आलेल्या पांढऱ्याशुभ्र मेंढ्यांच्या अंगात लपून मी ऑस्ट्रेलियात उतरलो. तिथल्या मोनारोच्या माळावर कुंपणे नव्हती, तेव्हा माझी कदर होती. मेंढपाळ कळपात मुद्दाम थोड्या काळ्या मेंढ्या ठेवत. त्या सगळ्या मोजून भरल्या की कळप शाबूत आहे असे समजत. मग तारेची कुंपणे आली आणि माझी गरज सरली. पांढऱ्या गासडीत काळा केस निघाला की गिरणीवाले नाक मुरडत, म्हणून काळ्या कोकरांच्या माना मुरगळल्या जाऊ लागल्या. मूर्खपणा बघा! मरायचे ते कोकरू, आणि मी त्याच्या पांढऱ्या भावंडांच्या अंगात बसून मजेत चरत राहायचो.

क्लेम ट्रेगेन्झा हा तिथला नावाजलेला मेंढीवाला. त्याच्या बिशप नावाच्या एडक्याचा पंचक्रोशीत दबदबा होता. बिशपच्या अंगात मी होतो, पण क्लेम ते मानेल तर शपथ! काळे कोकरू झाले की तो मेंढीवर आळ घेई आणि तिला खाटकाकडे धाडी. मला फार संताप येई.

एका वसंतात टिली नावाच्या मेंढीला काळे कोकरू झाले. क्लेमच्या बायकोने, नोरीनने, टिलीला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. नेमका त्याच सकाळी शेजारचा डनफी बिशपचा बच्चा विकत घ्यायला येणार होता.

"दे इकडे ते. डनफी यायच्या आत उरकून टाकतो," क्लेम म्हणाला. "आणि टिली उद्या खाटकाच्या गाडीत. कुंपण ओलांडून गेली असणार कुठंतरी."

"बिशपसोबत कोंडली होती तिला. कडी तूच लावलीस."

"मेंढ्यांचा काय भरवसा!"

"हो का? आपली पोर बेरिल लाल केसांची निघाली, तेव्हा तुझी आईसुद्धा पोस्टमनच्या लाल केसांकडे टक लावून बघत होती. तू तेव्हाही तोंड शिवून बसलास."

क्लेम ओशाळला. "अगं, कोकराचं चाललंय. बेरिलला कशाला मध्ये आणतेस?"

"कारण तेव्हा मी ऐकून घेतलं. टिलीला बोलता येत नाही, म्हणून आज मी बोलतेय."

तेवढ्यात डनफीची गाडी फाटकात शिरली. नोरीनने कोकरू पाठीमागे नाही लपवले, चांगले छातीशी धरून ती उभी राहिली.

"काय नोरीन, कोळशाच्या ढिगात सापडलं काय हे?" डनफी हसला.

 नोरीन क्लेमकडे बघत राहिली. क्लेमने टोपी काढली, पुन्हा घातली.

"बिशपचं आहे," तो अखेर म्हणाला. "टिलीचा काही दोष नाही. बिशपच्या बच्च्यातही हा रंग दडलेला असेल. विचार करून घे, बाबा."

"मग राहू दे बुवा! मी आपला टेकडीपलीकडच्यांकडून घेतो. त्यांच्याकडे काळं कोकरू कधी कोणी बघितलं नाही."

डनफी गेला. मोठे गिऱ्हाईक हातचे गेले म्हणून क्लेम दिवसभर धुसफुसत राहिला. पण टिली खाटकाच्या गाडीत चढली नाही. तिचे कोकरू तिच्या कासेला लागले.

आणि टेकडीपलीकडे काळे कोकरू कोणी का बघितले नव्हते? ते उजाडायच्या आत पुरले जाई म्हणून! डनफीने तिथून ऐटीत घरी नेलेल्या त्या शुभ्र एडक्यातही मी होतोच.

मित्रांनो, मी दयेची भीक मागत नाही. दया करायचीच तर त्या कोकरावर करा, आणि त्याच्या आईला एकटीला कधी जाब विचारू नका. मला निपटून काढायला निघालेले कैक जण मातीत गेले. मी आहे. उद्याही जन्म घेईन, भर दिवसा, सगळ्यांदेखत, तुमच्या सर्वांत नामांकित एडक्याच्या पोटी.