चेंडूच्या दिवशी उघडलेलं दार

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी मेरनच्या दारावर फळ्या ठोकायला तिचा भाऊ थोरफिन आला, तेव्हा वाऱ्याने त्याला उंबऱ्यापाशीच उचलून एकदा भिंतीवर आपटलं. चार दिवस बेटावर बोट आलेली नव्हती. दुकानात दूध नव्हतं, पाव नव्हता, आणि समुद्र धक्क्यावरून उडून थेट खिडक्यांच्या काचांवर मीठ फासत होता. पण म्हणून काही चेंडू थांबत नाही. दुपारी एकला चर्चसमोर चेंडू वर उडणार म्हणजे उडणार, गावाच्या वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे पुरुष त्यावर तुटून पडणार, खालचे तो समुद्रात न्यायला आणि वरचे गावाच्या वरच्या टोकाला, आणि त्याआधी रस्त्यावरची सगळी दारं फळ्यांनी बंद व्हायला हवीत.

दरवर्षी हे काम थोरफिनच करायचा. यंदा त्याने हातोडी डाव्या हातात धरली होती. उजव्या हाताला तीनच बोटं उरली होती, आणि मेरनला तिकडे न बघता बोलणं काही जमत नव्हतं.

"एर्लंड कुठंय?" दातांत खिळे धरून त्याने तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"आत. पँटच्या पायांना चिकटपट्टी गुंडाळतोय."

"म्हणजे वरच्यांकडून खेळणार."

"मग? तू नाही खेळणार खालच्यांकडून?"

"माझं सोड. आज त्याला घरी ठेव, मेरन."

"मी ठेवू? तो काय किटली आहे, चुलीवरून उतरवून बाजूला ठेवायला?"

थोरफिन हसला नाही. फळी चौकटीला बसवून त्याने खिळा एका घावात आत घातला. "आज तो माझ्या हाताला लागला तर मी सोडणार नाही. नंतर म्हणू नकोस, भावाने सांगितलं नाही म्हणून."

मेरनच्या कडेवर पाच महिन्यांची इंगा होती. तिने बाळाचं डोकं आपल्या शालीखाली ओढून घेतलं, जणू ते शब्द तिला लागू नयेत.

चेंडूच्या दिवशी त्या गर्दीत काय झालं याची कोणी तक्रार करत नाही, कोणी विचारत नाही. अडीचशे पुरुष एकमेकांत रुतलेले. बरगड्या मोडतात, दात पडतात. वर्षभर गिळलेलं माणसं तिथे ओकून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी एकत्र दारू पितात. थोरफिनने नोव्हेंबरपासून गिळलेलं होतं. खेकड्यांचे पिंजरे ओढताना दोर ओढणाऱ्या यंत्रापाशी एर्लंड उभा होता. लाट आली, थोरफिनचा हात दोरात गेला. कळ दाबून यंत्र थांबवायला एर्लंडला दोन क्षण उशीर झाला. तो फोन बघत होता. फोनवर इंगाचा फोटो होता, ती पहिल्यांदा खळखळून हसली तेव्हाचा, आणि तो फोटो मेरननेच धाडला होता. हे तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी कोणी बोललं नव्हतं. एर्लंड दवाखान्यात चार वेळा गेला, चारही वेळा थोरफिनने भिंतीकडे तोंड फिरवलं.

एर्लंड बाहेर आला. जुनी जर्सी, लोखंडी टाचांचे बूट. "काय मेव्हणे, नीट ठोका. मागच्या वर्षी खालची फळी सैल होती."

"तुझी कवटी सैल आहे."

"ती पण ठोकून घेऊ आज."

थोरफिनने शेवटचा खिळा ठोकला, हातोडी कमरेला खोचली आणि वाऱ्यात वाकून बंदराकडे निघून गेला. मेरन नवऱ्याच्या बाहीला धरून राहिली.

"नको जाऊस."

"मी बसलो तर तो म्हणेल, भ्याला. त्याला मला मारायचंय, मेरन. मारू दे एकदा. त्याशिवाय तो माझ्यासोबत ताटावर बसायचा नाही."

"आणि जास्त मारलं तर?"

"तर ओरड तू."

"या वाऱ्यात?"

त्याने बाळाच्या नाकाला नाक लावलं आणि मागच्या दाराने बोळात उतरला.

दुपार घरात कोंडूनच गेली. मेरनने बटाट्याचं सूप चढवलं, जवाच्या भाकऱ्या भाजल्या, बाळाला पाजलं, पुन्हा पाजलं. गारा छपरावर मुठीमुठीने आपटत होत्या. लांबून गर्दीचा आवाज यायचा, वाऱ्याने तुटायचा, पुन्हा यायचा. तीन वाजता उजेड सरायला लागला, आणि तो आवाज त्यांच्या रस्त्याच्या तोंडाशी आला.

ती बाळाला घेऊन वरच्या खिडकीशी गेली. रस्ता अरुंद, समोरच्या खिडकीत म्हातारी बेलाबाई आधीच अर्धी बाहेर लोंबत होती. तिचे तीन मुलगे आणि सात नातू वरच्यांकडून खेळत.

"ढकला रे, ढकला! काय दूध पिऊन आलात का?" बेलाबाई किंचाळत होती. "अगं मेरन, आज तुझ्या माहेरच्यांना समुद्र नाही दिसत बघ!"

माणसांची एक भिंत रस्ता भरून सरकत येत होती. वाफ निघत होती तिच्यातून, जनावरांच्या कळपातून निघावी तशी. कोणाचं डोकं, कोणाचा कोपर, कोणाचा रक्ताळलेला कान, आणि सगळ्यांचा मिळून एकच घोगरा श्वास. खालचे गर्दी बंदराकडे रेटत होते, वरचे ती मागे दाबत होते. मधेच ती भिंत बाजूला कलंडली आणि मेरनच्या घरावर आदळली. पायाखालची जमीन हलली. भिंतीवरची ताटली खाली पडून फुटली.

मग तिला एर्लंड दिसला. थेट खाली, तिच्याच दाराशी. छाती फळ्यांवर चेपलेली, गाल लाकडाला घासलेला, चेंडू जर्सीखाली पोटाशी. आणि मागून एक हात त्याच्या गळ्याभोवती. तीन बोटं, कातडीत रुतलेली.

"थोरफिन!" ती ओरडली. "सोड!"

वाऱ्याने ते ओठांवरूनच नेलं. एर्लंडचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं, काही जात नव्हतं. चेहरा लाल होता तो जांभळा झाला.

"माणूस पडलाय! माणूस पडलाय!" ती पुन्हा ओरडली.

ही हाक ऐकली की गर्दी मागे हटते. कितीही पेटलेली असो, हटतेच. पण एर्लंड पडला नव्हता. पडायला जागाच नव्हती. तो उभ्यानेच मरत होता, आणि हाक ऐकून वळून बघणाऱ्या दोन-चार जणांना सगळी डोकी उभीच दिसत होती.

"हां, अशी ओरड!" समोरून बेलाबाई म्हणाली. "आता शोभलीस वरच्यांची सून!"

मेरनने बाळाला पाळण्यात ठेवलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि ती जिना उतरली नाही, घसरली. चुलीजवळ कोळसे फोडायचा हातोडा होता. तो उचलताना तिच्या मनात एकदाच येऊन गेलं की या गावात चेंडूच्या दिवशी कोणी दार उघडत नाही. तिच्या आईने उघडलं नव्हतं, आजीने घराला आग लागली तेव्हासुद्धा उघडलं नव्हतं. छपरावरून उतरली होती बाई. उघडं दार म्हणजे वाट, आणि वाट देणं म्हणजे बाजू घेणं. तिच्या घराच्या मागच्या दारातून समुद्र साठ पावलांवर होता.

तिने कडी काढली. दार आत उघडलं. फळ्यांच्या फटीतून वाफ, घाम, दारू आणि लोकरीचा ओला वास एकदम अंगावर आला. फटीत एर्लंडचा एक डोळा होता. पांढरा.

तिने त्याच्या डोक्याच्या वरची फळी फोडली. दुसरा घाव, तिसरा. लाकूड चिरलं. खालच्या फळीवर तिने सगळं अंग घालून हातोडा मारला; फळी मधोमध मोडली आणि तिचं टोक उडून मेरनच्या भुवईवर बसलं. मग बाकीचं गर्दीनेच केलं. चौकट कडकडली आणि माणसं आत कोसळली, धरण फुटावं तशी.

एर्लंड तिच्या पायांवर पडला. ती त्याच्यावर पालथी झाली. चेंडू त्याच्या जर्सीतून निसटून गडगडत स्वयंपाकघरात गेला, आणि कोणीतरी खालचा बोंबलला, "मागचं दार! अरे, मागचं दार!"

बूट आले. तिच्या पोटरीवर, हातावर, कानाशेजारी. सूपाचं पातेलं उलथलं, खुर्ची मोडली, मागचं दार बिजागऱ्यांसकट गेलं. पण पाठीवर एकही बूट आला नाही. बऱ्याच वेळाने तिला कळलं की तिच्यावर कोणीतरी हातापायांवर ओणवं आहे आणि प्रत्येक लाथेला हुंकारतंय.

शेवटचा माणूस बोळात पळाला. घरातून आता नुसता वारा जात होता. थोरफिन बाजूला कोसळला, लगेच उठला आणि एर्लंडच्या छातीवर दोन्ही मुठी आपटू लागला.

"हात लावू नकोस त्याला!" मेरनने हातोडा उचलला. भुवईचं रक्त डोळ्यात उतरत होतं.

"आधी हा श्वास घेऊ दे. मग मार मला." आणि पुन्हा मुठी. "घे, घे ना रे, गाढवा!"

एर्लंड खोकला. मग असा श्वास घेतला की जणू सगळा वादळवारा त्यालाच हवा होता.

मेरनचा हातोडा उगारलेलाच राहिला. "का धरलास गळा?"

"मारायलाच धरला होता." थोरफिन धापा टाकत होता. "मग तो लुळा पडला. सोडायला गेलो तर हातच निघेना. मागून सगळा रेटा माझ्या कोपरावर. ओरडायला छातीत हवा नव्हती. देवाशप्पथ, मेरन."

बंदराकडून एक प्रचंड आरोळी उठली. चेंडू पाण्यात गेला होता.

मोडक्या दारात वरचे येऊन उभे राहिले. सहा-सात जण, पुढे बेलाबाईचा थोरला मुलगा मॅनसी, नाकातून रक्त गळणारा. त्याने फळ्या बघितल्या, हातोडा बघितला.

"कोणी उघडलं दार?"

मेरनने तोंड उघडलं.

"मी फोडलं," थोरफिन म्हणाला. "चेंडू न्यायला."

"तू? बहिणीचं घर?" मॅनसी थुंकला. "या गावात दार फोडून कोणी चेंडू नेलेला नाही. मेलास तरी हे नाव पुसणार नाही तुझं." आणि त्याने थोरफिनच्या तोंडावर ठोसा मारला. थोरफिनने हात वर केले नाहीत. दुसऱ्या ठोशाला तो गुडघ्यांवर आला.

"ए मॅनसी." एर्लंडचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. भिंत धरून तो उठत होता. "हात लावू नकोस. तो माझा आहे."

"अरे, याने तुला—"

"माझा आहे म्हटलं ना! बाहेर हो."

मॅनसी पाऊलभर मागे सरला. एर्लंडने मूठ वळली आणि मेव्हण्याच्या जबड्यावर हाणली. जोर कुठला असणार त्यात. त्या ठोशासोबत तो स्वतःच पुढे गेला आणि थोरफिनच्या अंगावर पडला. दोघे चिखलात, सूपात, मोडक्या लाकडांत तसेच राहिले.

"झालं?" थोरफिनने रक्त गिळत विचारलं.

"नाही. उद्या उरलेलं."

"हात सुजेल तुझा उद्या."

"मग परवा."

"दार मी उघडलं, मॅनसी," मेरन म्हणाली. भुवईवरचं रक्त तिने मनगटाने पुसलं. "सांग जा तुझ्या आईला. सगळ्यांना सांग. माणूस मरत होता तिथे."

मॅनसी तिच्याकडे बघत राहिला. आणि ती समजून चुकली की तो सांगणार, रात्रीच्या आत सगळं गाव हे बोलणार, आणि इंगा लग्नाची झाली तरी बोलत राहणार.

वर बाळ रडायला लागलं. त्या आवाजाने मेरनचा पान्हा सुटला. पोलकं ओलं झालं, रक्ताने, गारांच्या पाण्याने, दुधाने. लंगडत ती जिना चढू लागली. खाली एर्लंड म्हणत होता, "ऊठ आता, माझ्या पायावर बसलायस," आणि थोरफिन म्हणत होता, "तूच ऊठ आधी, वर तू आहेस."