रमजानातला एक तास

मोरोक्कोतल्या मेकनेस शहराच्या तटावरून सुटणारी, रोजा सोडायची तोफ. पातेल्यात दाट होत आलेलं हरिराचं सूप. सोनारगल्लीत तुटलेलं कुलूप. शबाकियाच्या गोड वेटोळ्यांसाठी गल्लीच्या तोंडाशी लागलेली रांग. कुणाचा तरी मोबाइल, एका टॉवरला लागलेला.

चोरी झाली तोफेनंतर, गल्ली ओस पडल्यावर. संशय गल्लीतल्या रखवालदारावर, इद्दरवर आला. त्याची बायको इत्तो कोर्टात शपथेवर सांगत होती की तेव्हा तो घरी माझ्या पुढ्यात बसून हरिरा पीत होता. सरकारी डिजिटल तज्ज्ञ नुझा लहलू हिच्या अहवालात मात्र नेमक्या त्या वेळी त्याचा मोबाइल सोनारगल्लीच्या टॉवरवर होता.

"माणसं विसरतात, साहेब," नुझा न्यायाधीशांना म्हणाली. "नोंदी विसरत नाहीत."

लोक इत्तोकडे बघून हसले. इद्दर आत गेला.

पुढच्या वर्षी दुसऱ्याच खटल्यातला, रमजानात काढलेला एक फोटो नुझासमोर आला. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने अंधार पडून गेलेला आणि फोटोत गच्चीवर ऊन. तिने इद्दरचा जुना अहवाल काढला. रमजान लागला की सरकारी हुकमाने अख्खा देश घड्याळं तासभर मागे घेतो. परदेशी सॉफ्टवेअरला ते कुणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे रमजानातली प्रत्येक वेळ ते तासभर पुढची दाखवत होतं. म्हणजे इद्दर गल्लीत होता तो तोफेच्या कितीतरी आधी, शबाकियाच्या रांगेत.

इद्दरचा वकील म्हणाला, खटला पुन्हा उघडायला नवी बाब लागते. घड्याळाचं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्याला कोर्ट नवं म्हणणार नाही. तज्ज्ञानेच साक्ष मागे घेतली, तर काही होईल. ऑफिसातल्या साहेबांनी सुचवलं, दोष सॉफ्टवेअरवर ढकल. नुझाने तसंच प्रतिज्ञापत्र लिहिलं आणि इत्तोला वाचून दाखवायला गेली.

इत्तोने आधी चहा ओतला, मग ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक मशीनची."

"हो."

"मशीन रोजा धरत नाही, नुझाबाई. तुम्ही धरता ना?"

नुझाने मान डोलावली.

"मग त्या महिन्यात तुम्ही कुठल्या घड्याळाने जेवलात?"

नुझा प्रतिज्ञापत्र घेऊन उठली. जिन्यात बसून तिने साहेबांची ओळ खोडली, खाली लिहिलं, 'मला माहीत होतं, मी तपासलं नाही,' आणि सही केली.

चोरी झाली त्या रमजानच्या तोंडावर आपल्या गाडीतलं घड्याळ तिने स्वतःच्या हाताने तासभर मागे केलं होतं.