एकट्यालाच ऐकू येणारा आवाज

मास्तरांनी दुपारचा चहा कपात ओतला, सहज खिडकीबाहेर बघितलं, तर त्यांची गाडी चालली होती. आत कुणी नव्हतं. उतारावर लावलेली गाडी गचके खात, पण निवांत, मागं मागं निघाली होती.

"अगं, थांब! थांब!" मास्तर गाडीवरच ओरडले आणि एक चप्पल पायात, एक दारातच, असे धावत सुटले. ते पोचायच्या आत गाडी खालच्या कोपऱ्यावर, दिव्याच्या खांबाभोवतीच्या दगडी कठड्यावर जाऊन आदळली आणि थांबली. नशीब, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागच्या बंपरला पोचा आला होता, एवढंच. मास्तरांनी दार उघडून बघितलं. गिअर टाकलेला होता, हँडब्रेक ओढायचा राहिला होता. कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून त्यांनी आधी वरच्या खिडक्यांकडे नजर टाकली, मग गाडी मुकाट्यानं जागेवर आणून लावली. चहा तोवर गार झाला होता.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. खाली दुकान, वर दोन खोल्या. गाडी मुळात त्यांच्या बायकोची. ती हॉस्पिटलात नर्स होती, अवेळच्या पाळ्या असायच्या, म्हणून तिनं गाडी घेतली, शिकली आणि जन्मभर तीच चालवत राहिली. मास्तरांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ती गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, नुसती उभी राहून सडेल. विकून टाका." त्यावर मास्तरांनी काय करावं? त्या वयात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्याच्या नाकी नऊ आणले, पण शिकले. आता रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की ते टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे आणि परत यायचे. तिथं काम काही नसायचं. पण घरी तरी कोण वाट बघत होतं?

गाडी घरंगळली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आवाज सुरू झाला. चढ लागला की पायाखालून घर्र घर्र, दातांवर दात घासल्यासारखं. मास्तरांचा सगळा जन्म शिलाई मशीनवर गेलेला, सुई वाकडी लागली तर ती मोडायच्या आत त्यांना कळायचं. हे काहीतरी बिनसलंय, यात त्यांना शंका नव्हती.

गाडी गेली पैलवानाच्या गॅरेजात. हा मेकॅनिक कुस्ती कधी खेळला होता की नाही कोण जाणे, पण देह असा की गाडीत बसला की गाडी कण्हायची. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला, मग शेजारी बसून म्हणाला, "चला, एक चक्कर मारू." चढ आला, उतार आला, आवाज म्हणून नाही.

"मास्तर, इंजिन लोण्यासारखं चाललंय की."

"अहो, आत्ता येताना येत होता."

"मला बघून घाबरला असेल."

मास्तर हसले. परत निघाले आणि गॅरेजचं वळण संपतं न संपतं तोच, घर्र घर्र.

रविवारी लेकीचा फोन आला. ती लांबच्या शहरात, नोकरी आणि लहान मूल यांत गुंतलेली. मास्तरांनी आवाजाचं सांगितलं, गाडी घरंगळल्याचं गिळून टाकलं.

"मेकॅनिकला ऐकू आला का?"

"नाही. मी एकटा असतानाच येतो."

मग ती अगदी जपून बोलली, "बाबा, झोप लागते ना नीट? कधीकधी माणूस एकटा असला की भास होतात."

मास्तरांनी विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ मशीनसमोर नुसतेच बसून राहिले. खरंच भास असेल का? बायको गेल्यावर सुरुवातीला त्यांना जिन्यात पावलं ऐकू यायची. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्या खेपेला त्यांनी मन घट्ट करून पैलवानाला सगळं खरं सांगून टाकलं: हँडब्रेक, उतार, कठडा. पैलवानाचा चेहरा गंभीर झाला.

"हे आधी सांगायचं होतं मास्तर. गिअरमध्ये असताना गाडी मागं गेली म्हणजे इंजिन उलटं फिरलं. टायमिंग बेल्टचा दात सुटला असला तर इंजिनाची वाट लागेल."

त्यानं कव्हर काढलं, खुणा जुळवून बघितल्या. बेल्ट जागच्या जागी होता. इंजिनाची रबरं हलवून बघितली, तीही ठीक. पुन्हा चक्कर, पुन्हा काही नाही. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जाऊ द्या," ते म्हणाले, "माझेच कान म्हातारे झालेत." आणि गाडीत बसून निघाले.

पैलवान दारात हात पुसत उभा होता. गाडी समोरचा चढ चढू लागली आणि त्यानं हातातलं फडकं फेकलं.

"मास्तर! ओ मास्तर! थांबा!"

तो देह पळताना बघायला आख्खं गॅरेज बाहेर आलं. धापा टाकत तो खिडकीशी पोचला. "ऐकला! मी ऐकला! हा काय, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा येतोय!"

मास्तरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं उगाच पुसत बसले.

पैलवान शेजारी बसला, आवाज गेला. उतरला, आवाज आला. मग त्यानं गॅरेजातून वाळूची एक गोणी आणली, शेजारच्या सीटवर ठेवली आणि म्हणाला, "आता हिला फिरवून आणा." गोणी बसल्यावरही आवाज नाही.

गाडी जॅकवर चढली तेव्हा उलगडा झाला. कठड्यावर आदळल्यावर सायलेन्सरचा पाइप आत रेटला गेला होता, त्याला टांगून धरणारं रबर निसटलं होतं. पाइप मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखालून जात होता. गाडी हलकी असली की दोन्ही एकमेकांना घासायचे, घासून घासून तिथं चांदीसारखा चट्टा पडला होता. शेजारी कुणी बसलं की गाडीबरोबर पाइपही तेवढा खाली दबायचा आणि मधे फट पडायची.

"म्हणजे इंजिनाचं काहीच नव्हतं?"

"काही नाही. थरथर सगळ्या गाडीत पसरते, म्हणून इंजिनाचा वाटतो." पैलवान पाइपखालून बाहेर आला. "आणि भास तर मुळीच नव्हता."

मास्तरांनी तिथूनच लेकीला फोन लावला. आवाज खरा होता हे सांगितलं, आणि हँडब्रेक विसरल्याचंही सांगितलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि मग, "तुम्ही रोज टाकीपाशी जाऊन काय करता, बाबा?"

"काही नाही गं. टाकीपाशी बसतो थोडा वेळ."

तिकडून मुलाचं रडणं ऐकू आलं, तिला फोन ठेवावा लागला.

काम झाल्यावर पैलवान म्हणाला, "आता मी चालवून बघतो, तुम्ही बाजूला बसा." मास्तर शेजारच्या सीटवर बसले. बायको गेल्यापासून ते त्या बाजूला बसलेच नव्हते. तिथून रस्ता वेगळा दिसत होता: चष्म्याचं दुकान, बंद पडलेला छापखाना, दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी. चौक आला. पैलवानानं वेग कमी केला आणि मास्तर न कळत पुढं झुकले, डाव्या बाजूला बघितलं आणि म्हणाले,

"जा गं, इकडून कुणी नाही."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. ते खिडकीकडे वळून बसले. पैलवानानं त्यांच्याकडे बघितलं नाही. "बरं," एवढंच म्हणाला आणि चौक ओलांडून गाडी टेकडीच्या रस्त्याला लावली, जिकडे जायची काहीच गरज नव्हती.